अधिकार-विभाजनाचा आदर्श
केंद्र सरकारच्या ‘जेम’ या २०१६ साली सुरू झालेल्या ऑनलाइन बाजारपेठेत खरेदीदार, माल स्वीकारणारा आणि देयक चुकते करणारा यांची खाती स्वतंत्र ठेवता येतात. ज्याने मागवले त्यानेच पोच देऊ नये आणि ज्याने पोच दिली त्यानेच पैसे सोडू नयेत, या तत्त्वाला अधिकार-विभाजन म्हणतात. कित्येक कार्यालयांनी ते इतके मनोभावे स्वीकारले आहे की तिन्ही पासवर्ड कीबोर्डखालच्या एकाच चिठ्ठीवर, परंतु तीन वेगळ्या ओळींत लिहिलेले असतात. चिठ्ठीचा ताबा कनिष्ठ लिपिकाकडे असतो. ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक अंक, तेवढा साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि ते तो भर बैठकीतूनही, कशासाठी असे न विचारता, खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. मतभेदाला वावच उरत नाही. लिपिकाने स्वतःच्या मागणीवर शंका काढून स्वतःकडूनच खुलासा मागवण्याची सोय झाली, की छाननीही परिपूर्ण होईल. उणीव एवढीच की अशा लिपिकाचे नाव वापरकर्त्यांच्या यादीत नसते. त्याने रीतसर खाते मागितले, तर तो अर्ज मंजुरीसाठी साहेबांच्या खात्यात, म्हणजे त्याच्याच पडद्यावर येतो आणि ‘अनधिकृत व्यक्तीस प्रवेश देता येत नाही’ असा शेरा मारून लिपिकच तो फेटाळतो.