पापणीच्या मालकीविषयी अनावृत पत्र

मेहेरबान पेटंट परीक्षकसाहेब,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई, यांचे सेवेशी

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

चष्म्याला बुद्धी फुटल्याची वार्ता आता शिळी झाली. परंतु त्या बुद्धिमान चष्म्याला हुकूम कोणत्या रीतीने सोडावा याविषयीचे अर्ज आपल्या मेजावर अद्याप ताजेच येत असतात, आणि त्यांत डोळा मिचकावणे, टक लावून पाहणे, मान डोलावणे, भुवई उंचावणे, अशा ज्या क्रिया मनुष्यजात कोणतीही सनद न घेता आजवर करीत आली, त्यांवर वीस वर्षांचा अनन्य हक्क मागितलेला असतो. असल्या अर्जाची छाननी होताना अर्जदाराची बाजू मांडावयास पेटंट एजंट असतो आणि कायद्याची बाजू मांडावयास आपण असता. पापणीची बाजू मांडावयास मात्र कोणीच नसते, म्हणून हा उपद्व्याप. कायद्याच्या पंचविसाव्या कलमान्वये मंजुरीपूर्वी कोणाही इसमास लेखी हरकत घेता येते हे मी जाणतो. परंतु २०२४ च्या नियमदुरुस्तीने त्या हरकतीवर फी बसवली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे की नाही याचा निवाडा आधी व्हावा असेही ठरवले. जी पापणी आईबापांकडून फुकट मिळाली, तिच्या रक्षणार्थ फी भरण्यापेक्षा अनावृत पत्र लिहिणे मला अधिक किफायतशीर वाटले.

आपल्या खात्याचा इतिहास पाहता अर्जदारांचा हा उत्साह अगदीच अनपेक्षित म्हणता येणार नाही. ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यास जॉर्ज आल्फ्रेड डेपेनिंग नामक गृहस्थांनी हिंदुस्थानातील पहिला अर्ज दाखल केला, तो पंखा ओढण्याच्या कार्यक्षम यंत्राबद्दल होता. म्हणजे साहेबाच्या डोक्यावरील झालर हलविणाऱ्या गरीब हाताचे काम यंत्राकडे सोपवावे आणि यंत्राची मालकी आपणाकडे ठेवावी, अशी ती तजवीज होती. (ज्या कायद्याखाली हा अर्ज आला तो कायदाच राणीसरकारची पूर्वसंमती न घेता केला गेला म्हणून पुढील वर्षी रद्द झाला आणि १८५९ साली नव्याने करावा लागला. इतरांस परवाने वाटणारा स्वतःच विनापरवाना निघाला, ही हकीकत खात्यातील नवशिक्यांस अवश्य सांगावी.) तथापि डेपेनिंगसाहेबांच्या पदरात एका गोष्टीचे श्रेय घातलेच पाहिजे: त्यांनी यंत्रावर हक्क मागितला, हात हलविण्यावर मागितला नाही.

आजच्या अर्जदाराची भूक एवढ्याने भागत नाही. मी स्वतः लांब वाक्यांचा भोक्ता असल्यामुळे, एका दाव्यास एकच वाक्य हा आपल्या दफ्तरातील दंडक मला मनापासून आवडतो. परंतु निबंधकाराचे लांब वाक्य वाचकाला कोठेतरी पोहोचविण्यासाठी असते, आणि दाव्याचे लांब वाक्य कोणालाही कोठूनही निसटता येऊ नये यासाठी असते. त्याचा नमुना, कोणाही अर्जदाराची उगाच बदनामी होऊ नये म्हणून, मीच रचून देतो. ‘एक पद्धती, जीत मस्तकावर धारण केलेल्या उपकरणातील संवेदक धारकाच्या किमान एका नेत्राच्या किमान एका पापणीची किमान एक हालचाल टिपतो, प्रक्रियक ती हालचाल स्मृतीत साठविलेल्या पूर्वनिश्चित हालचालीशी ताडून पाहतो, आणि उभय हालचाली जुळल्यास किमान एक क्रिया घडवून आणतो.’ यातून ‘मस्तकावर धारण केलेले उपकरण’ घडीभर बाजूस ठेवले तर उरते ते लग्नाच्या पंगतीतील दृश्य होय: यजमान खांबाशी उभा राहून भुवई उंचावतो, वाढपी ती खूण आपल्या स्मृतीतील खुणेशी ताडून पाहतो, आणि जिलब्यांचे ताट दुसऱ्या फेरीस निघते, किंवा, व्याही मंडळी अपेक्षेपेक्षा अधिक आली असल्यास, निघत नाही. येथे प्रक्रियक धोतर नेसलेला आहे, एवढाच काय तो तांत्रिक भेद.

आपण म्हणाल, पंगतीतील पुरावा दफ्तरी चालत नाही, कागद दाखवा. आपले म्हणणे रास्त आहे, आणि त्याचा धडा आपण सर्वांनी हळदीच्या प्रकरणात घेतला आहे. जखमेवर हळद दाबण्याच्या विद्येवर अमेरिकेने १९९५ साली पेटंट दिले, तेव्हा ते रद्द करवून घेण्यासाठी, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे करावे लागले. घरोघरच्या आज्यांची पिवळी बोटे पुरावा म्हणून दाखल करून घेण्याची सोय तेथे नव्हती. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेव्हा पापणीचे कागद सादर करतो. भरताच्या नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी वर्णिल्या आहेत आणि पापण्यांची उन्मेष, निमेष, कुंचित, स्फुरित, पिहित इत्यादी नऊ कर्मे वेगळी सांगितली आहेत. कोणत्या भावासाठी कोणते कर्म, हेही ठरवून दिले आहे. अर्जदाराचे ‘पूर्वनिश्चित हालचालींचे कोष्टक’ यापेक्षा मोठे असेल तर त्याने ते दाखवावे. दुसरा कागद १९६६ चा. व्हिएतनाममध्ये कैदेत असलेला जेरेमाया डेंटन हा अमेरिकी नौदलाचा अधिकारी, शत्रूने प्रचारार्थ कॅमेऱ्यासमोर बसविला असता, तोंडाने प्रश्नांची उत्तरे देत राहिला आणि पापण्यांनी मोर्सच्या लिपीत आपला छळ होत असल्याचे कळवीत राहिला. संवेदक होता, पापणी होती, पूर्वनिश्चित संकेत होता, ताडून पाहणारे होते. तिसरा कागद ज्याँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाचा, ज्याने सर्वांग लुळे पडल्यावर एका डाव्या पापणीने, अक्षरामागून अक्षर निवडीत, सबंध पुस्तक सांगितले आणि ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. आणि खुद्द चष्म्याचाच आग्रह असेल तर स्टीफन हॉकिंगांच्या चष्म्याकडे पाहावे. त्याला जोडलेला अवरक्त संवेदक त्यांच्या गालाच्या स्नायूची सूक्ष्म हालचाल टिपून संगणकाला हुकूम देत असे. शिवाय त्याच पंचविसाव्या कलमात स्थानिक समाजाच्या तोंडी ज्ञानासही हरकतीचे कारण मानले आहे, त्यामुळे पंगतीतला वाढपीही, बोलाविल्यास, साक्षीस येईल.

यावर एजंटसाहेब आपला ठेवणीतला डाव टाकतील, आणि तो म्हणजे ‘प्रक्रियक’. तिसऱ्या कलमान्वये गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि मनोव्यापाराच्या रीती पेटंटास अपात्र आहेत. त्यातला ‘निव्वळ’ २००२ च्या दुरुस्तीने आला, तो सैल करण्याचा २००४ च्या वटहुकमाचा प्रयत्न संसदेने पुढील वर्षी मान्य केला नाही, २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी यंत्रसामग्रीही नवी असावी असा आग्रह धरला आणि २०१७ च्या सूचनांनी तो सोडून दिला, आणि २०१९ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की आज्ञावली असली तरी तिचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर दार बंद करू नये. हे सारे योग्यच झाले असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु त्याचा परिपाक असा झाला की डोळा मिचकावण्याच्या कल्पनेभोवती एक प्रक्रियक, एक स्मृती, एक बस आणि एक बिनतारी संच मांडून ठेवला की ती कल्पना आपोआप तांत्रिक झाली, अशी समजूत पसरली. बाजारात मिळणारी चार यंत्रे शेजारी उभी केल्याने कल्पनेला शेजार लाभतो; तिला बुद्धी लाभते, असा दाखला मला आढळलेला नाही.

आता साहेब, थट्टा थोडी बाजूस ठेवून जे सांगावयाचे ते सांगतो, कारण अर्जदाराचा सर्वस्वी अधिक्षेप करणे हा माझा हेतू नाही. या विषयात एक खरी, अस्सल, डोके फोडणारी अडचण आहे. माणसाची पापणी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा आपण होऊन लवते, आणि तिला कोणी विचारीत नाही. मधूनच ती मुद्दाम मिटली जाते, तेव्हा तिला काही म्हणावयाचे असते. या दोहोंतील भेद चष्म्याने कसा ओळखावा? नजरेची तर आणखी पंचाईत. अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतील रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास या संकटाला मिडास राजाचे नाव दिले: ज्याला हात लावावा त्याचे सोने होऊन राजाला घास गिळता येईना, त्याप्रमाणे नजरेने चालणाऱ्या यंत्रात जिकडे पाहावे तिकडे हुकूम सुटतो, आणि नुसते पाहणे ही गोष्टच उरत नाही. नजर क्षणभर स्थिर राहिली तरच हुकूम समजावा हा एक उपाय. पण तो क्षण लहान ठेवला तर चुका होतात आणि मोठा ठेवला तर धारक वैतागतो. त्यात घामाने चष्मा नाकावरून घसरतो, दुपारच्या उन्हात अवरक्त प्रकाशाचा घोळ होतो, सुपारी चघळणाऱ्याचा गाल डोळ्यापर्यंत हलतो, आणि एखाद्याला एकच डोळा मिटताच येत नाही.

ज्या अर्जदाराने या जंजाळातून वाट काढली असेल, घसरलेल्या चष्म्यातही हेतूची पापणी आणि सवयीची पापणी वेगळी ओळखून दाखविली असेल, त्याला वीस वर्षे काय, मनुष्याच्या कृतज्ञतेचाही वाटा द्यावा. मी पहिला टाळी वाजवीन. दहाव्या कलमाने शोध अमलात आणण्याची अर्जदारास ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत उघड करणे त्यास बंधनकारक केले आहे. आपण अर्ज उघडून नेमके त्या पानाशी जावे जेथे अडचण सुरू होते. तेथे अर्जदार बोलका झाला, आकडे आणि आकृत्या देऊ लागला, तर तो शोधक समजावा. आणि तेथेच त्याची लेखणी ‘कोणत्याही योग्य पद्धतीने हेतू निश्चित केला जाऊ शकतो’ असे पुटपुटत पुढे सरकली, तर त्याने कुंपण घालून ठेवले आहे आणि शेत दुसऱ्याने नांगरावे अशी त्याची अपेक्षा आहे, हे ओळखावे.

अमेरिकेत काय झाले ते आपणास ठाऊक असेलच. गूगल कंपनीला २०१२ च्या ऑगस्टात डोळ्याच्या हालचालीने पडदा उघडण्यावर पेटंट मिळाले; पुढील ऑगस्टात नजरेचा माग काढण्यावर मिळाले, ज्यात पाहणाऱ्याने जाहिरातीकडे दृष्टी टाकली की जाहिरातदाराकडून पैसे आकारण्याची आणि बाहुलीच्या विस्तारावरून त्याच्या मनोविकाराचा अंदाज घेण्याची सोय वर्णिली होती; आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोन्ही हातांनी बदामाची आकृती करून एखादी वस्तू आवडल्याचे दर्शविण्यावरही मिळाले. डिसेंबरात त्यांच्या चष्म्याला डोळा मिचकावून छायाचित्र घेता येऊ लागले. तो पंधराशे डॉलरांचा चष्मा २०१५ च्या जानेवारीत सामान्यांच्या बाजारातून उठला, कारखानदारांसाठी काढलेली त्याची आवृत्ती २०२३ च्या मार्चात बंद झाली. परंतु शुल्क वेळोवेळी भरले जात असेल तर ते हक्क मात्र आणखी काही वर्षे हयात राहतील. चष्म्याच्या आयुष्याहून चष्मा चालविण्याच्या रीतीच्या मालकीचे आयुष्य मोठे असावे, ही व्यवस्था वारसांना उपयोगी असेल. आपल्याकडे निदान पेटंट वापरात आणले की नाही याचे निवेदन द्यावे लागते, आणि तीन वर्षे उलटूनही लोकांची वाजवी गरज भागत नसेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. मुंबईच्याच नियंत्रकांनी २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधाबाबत तो दिलाही होता. पापणी मिटण्याचा सक्तीचा परवाना मागण्याची पाळी या शहरावर येऊ नये, इतकीच इच्छा.

दरम्यान अर्जदार मंडळी डोळ्यावरून खाली उतरू लागली आहेत. मेटा कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात पडदा असलेला चष्मा आणला, त्याचे नियंत्रण मनगटावरच्या पट्ट्याने होते. तो पट्टा स्नायूंतील विद्युत्संकेत वाचतो, बोट हलले न हलले तोच. येथे निदान संवेदन ही खरी विद्या आहे. तथापि मनगटानंतर खांदा, खांद्यानंतर मान, असा क्रम लागल्यास दाव्यांचे अवयववार वर्गीकरण करून ठेवावे अशी सूचना करतो. दफ्तरात शोधणे सोपे जाईल.

पहिला परीक्षण-अहवाल लिहिताना, सदरहू अर्जातून यंत्रे वजा केल्यावर काय उरते आणि माणूस वजा केल्यावर काय उरते, असे दोनच प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांची मुदत उत्तरासाठी पुरेशी आहे, आणि मुदतवाढीचा अर्ज येईलच.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला विनम्र,
एक चष्माधारी

ता. क. सुनावण्या आता दूरचित्राद्वारे होतात असे कळते. युक्तिवादाच्या ओघात एजंटसाहेबांनी आपल्या अशिलाकडे पाहून एक डोळा मिटला, आणि अशिलाने त्याबरोबर दावा क्रमांक सात मागे घेतला, तर ही संपूर्ण क्रिया तारखेनिशी इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.