बोटीवरचा कोट
सुरतेच्या लिंबायत-उधन्यातली आमची खानदेशी मंडळी हल्ली मुंबईहून क्रूझला निघतात आणि घरात सगळ्यात मोठा पेच पडतो तो चिरंजीवांच्या कपड्यांचा. बोटवाल्यांचं म्हणणं एवढंच, की रात्री जेवायला हाफपँट नको. म्हणजे साधी पँट, कॉलरचा शर्ट, झालं. पण रिंगरोडच्या मार्केटात साड्यांचे डोंगर पाहणाऱ्या गावाला 'झालं' कसं पटावं? मग दहा वर्षांच्या पोराला पॉलिएस्टरचा थ्रीपीस, गळ्यात बो, खिशात वडील, काका आणि मावसभावाशी मॅचिंग रुमाल. समुद्राच्या दमट हवेत पोरगं पुरणासारखं शिजतं. मुलींच्या झग्याला निदान वारा तरी लागतो.

तसं कोट आणि बोट हे नातं सुरतेला जुनंच. 1608 साली 'हेक्टर' जहाजातून ईस्ट इंडिया कंपनीचा हॉकिन्स सुरतेला आला. पुढे कंपनीने इथलं सुती कापड जहाजं भरभरून नेलं. जाड कोट तेवढा आपल्या वाट्याला आला. हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीबोटीत हाच पोरगा बनियनवर फाफडा खातो, कुणी हूं की चूं करत नाही. क्रूझवर मात्र आई दटावते, "फोटो होईस्तोवर तरी काढू नको रे!"

फोटो सूप येण्याआधीच होतो. मग कोट खुर्चीला, बो आजीच्या पर्समध्ये.