नाक नका मुरडू, वहिनी!

अहो वहिनी, या जरा भिंतीपाशी. ऐकू येतंय ना? खारेगावात कुणाची तरी हळद आहे. मघापासून डीजे ठणाणा करतोय आणि आत्ता लावलंय ‘ढगाला लागली कळ’! नाक नका मुरडू. पावसाचं गाणं आहे ते. तुमच्या मनात भलतंच आलं, तर त्याला दादा कोंडके काय करणार?

दादांनीच लिहिलंय की! लोकांना वाटतं, दादा कोंडके म्हणजे ढगळी चड्डी आणि लोंबणारी नाडी. पण सिनेमातली गाणीही ते स्वतः लिहायचे. हे १९७८च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधलं, चाल राम-लक्ष्मणची. २०१९मध्ये हिंदीवाल्यांनी ‘ड्रीम गर्ल’मध्ये उचललं, तर आमची नात मलाच सांगते, आजी, नवीन गाणं ऐक! म्हटलं, बाळे, तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा.

माणूस आपल्यातलाच हो. नायगावच्या चाळीतला, गिरणी कामगाराच्या घरचा. सेवा दलाच्या बँडमध्ये वाजवायचं, अपना बाजारात नोकरी करायची. मग वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ मिळालं आणि हजाराच्या वर प्रयोग झाले. आशाताई भोसल्यांनी ते पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, म्हणून १९६९ला ‘तांबडी माती’त काम मिळालं. दोनच वर्षांत स्वतःचा ‘सोंगाड्या’ काढला.

तो तरी सुखासुखी लागला का? दादरच्या कोहिनूरनं लावायला नकार दिला. दादा गेले बाळासाहेब ठाकऱ्यांकडे. शिवसैनिक थेटरवर धडकले, तेव्हा कुठे पडद्यावर आला. आणि मग असा धावला की विचारू नका! पुढे ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’... सेन्सॉरवाले कात्री घेऊन मागे, दादा पुढे. एकामागून एक नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नाव!

आता सांगा, पंचवीस पंचवीस आठवडे काय नुसत्या पुरुषांनी चालवले? आमच्या सासूबाई दादांचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायच्या. आणि त्याच दुपारी शेजारणीला घेऊन, पूल ओलांडून ठाण्याला सिनेमाला. घरी सांगायच्या, कौपिनेश्वराच्या देवळात गेले होते. बरं, प्रसाद कुठाय विचारलं, तर तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या!