बोनेटचे कानसेन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत जुन्या मारुतीचे बोनेट उघडायला एक माणूस पुरतो. उघडल्यावर आणखी पाच आपोआप जमतात. त्यांतले चार बघायला येतात आणि पाचवे ऐकायला. हे पाचवे म्हणजे कानसेन.

कानसेन बहुधा सेवानिवृत्त असतात. कुणी शाळेतून, कुणी कृषी खात्यातून, कुणी राइस मिलच्या हिशेबाच्या टेबलावरून. घरी एमएच-34 पासिंगची मारुती 800 असतेच. ती चालू असतेच असे नाही. त्यांना कोणी बोलावलेले नसते. ते मागून येतात, गर्दी बाजूला सारतात, मडगार्डवर तळवा टेकवतात, डोळे मिटतात आणि डावा हात वर करतात. झाडीपट्टीच्या नाटकात पेटीवाला पहिला सूर धरतो, तेव्हाही मंडपात इतकी शांतता होत नाही.

"मिसिंग हाय जी."

गाडी उभ्या उभ्या हिसके देते, स्टीअरिंग थडथडते, रेस सोडली की बंद पडते, हे मालकाला सकाळपासून माहीत असते. समोरच्या चहावाल्यालाही माहीत असते. पण कानसेनांनी उच्चार केला की त्याला निदानाचा दर्जा मिळतो.

एका गोष्टीत मात्र त्यांच्यावर अन्याय नको. या गाडीचे स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाची संथ चाल, ऐकणे खरोखर अवघड आहे. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हाती पहिल्या मारुतीची किल्ली दिली, तेव्हा देशाचा कान अँबेसेडरच्या चार सिलिंडरांवर तयार झालेला होता. मारुतीचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन, आणि दर 240 अंशांनी एक स्फोट. असे इंजिन धडधाकट असतानाही थोडे डुलतेच. तो डोल रबराच्या माउंटिंगने गिळायचा असतो. माउंटिंग वाळून चिरले की इंजिन निरोगी आणि गाडी मात्र तापाने फणफणल्यासारखी. त्यात एक सिलिंडर मेले, तर अँबेसेडरची पाव ताकद जाते, मारुतीची तिसरा हिस्सा. स्लोवर मिनिटाला 900 फेरे धरले, तर तीन सिलिंडरचे मिळून 1350 स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला 22 हून अधिक. त्यातला चुकलेला नेमका ऐकू येतो, असा कानसेनांचा दावा आहे. खात्रीसाठी ते लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. ही रीत अस्सल आहे, मोठमोठे मिस्त्री वापरतात. फरक एवढाच की मिस्त्री त्यानंतर विचार करतात.

कानसेनांचा निकाल ठरलेला असतो: "कारबोरेटर."

मग त्यांचा पेचकस कानावरून थेट स्क्रूवर उतरतो. कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात, एक स्लोचा, एक मिक्श्चरचा. स्लोचा आवळला की फेरे वाढतात, थरथर आवाजात बुडून जाते आणि गर्दी समाधानाने पांगते. बिघाड तिथेच असतो, फक्त आता तो जास्त पेट्रोल पितो. संध्याकाळी गाडी मूलच्या जंगलातल्या रस्त्याला लागते. त्या जंगलात रात्री गाडी बंद पडली, तर उतरून बोनेट उघडायची हौस कुणालाच नसते. तिथे कानसेनही काच वर करून बसतात.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात जाते. तिथल्या पोऱ्याला कान नाहीत, असे कानसेनांचे ठाम मत. पोऱ्या बोलतही नाही. रबरी मुठीच्या पक्कडीने तो प्लगच्या टोप्या एकेक करून काढतो. पहिली काढली, इंजिन ढासळले. दुसरी काढली, पुन्हा ढासळले. तिसरी काढली आणि इंजिनाला काहीच फरक पडला नाही. म्हणजे तिसरे सिलिंडर आधीच सुटीवर होते. मग तो तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात बसवतो. बिघाड प्लगबरोबर सरकला तर प्लग गेला. तिथेच राहिला तर वायर, टोपी, नाहीतर कॉम्प्रेशन. धानाच्या मुलखात वायरवर पहिला संशय उंदरांचा. कोठी रिकामी झाली की त्यांना बोनेटखालची ऊब आवडते आणि प्लगची वायरही.

वायर धड निघाली तर मॅनिफोल्डच्या जोडावर आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर साबणाचे पाणी. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असेल, तर पाणी त्या फटीत शिरते आणि आवाज क्षणभर बदलतो. बहुतेकदा सापडते ती बोटभर लांबीची, तडकलेली रबरी नळी. ती चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळते. कानसेनांना दुःख होते ते याचेच. एवढे ऐकले, आणि निघाली नळी!

तरी ते हार मानत नाहीत. उन्हाळ्यात इंजिनाच्या फ्युएल पंपातच पेट्रोल उकळून गाडी अडली की ओले फडके त्या पंपावर गुंडाळायचे, हा त्यांचाच उपाय, आणि चंद्रपूरच्या 46-47 अंशांत तो लागू पडतो. पीयूसीच्या आदल्या दिवशी ते मिक्श्चरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतात, कारण त्यांच्याकडच्या एवढ्या जुन्या गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. पावती हातात आली की स्क्रू पुन्हा सैल. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, हेही ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत, आणि या बाबतीत त्यांच्यावर हसू नये. जुने रबर इथेनॉलसाठी बनवलेलेच नव्हते.

त्यांचा खरा वैरी एमपीएफआय, म्हणजे कंप्युटरवर चालणारे पेट्रोलचे इंजेक्शन. 2000 नंतरच्या मारुतीत कार्बोरेटर गेला आणि स्लो ठरवण्याचे काम कंप्युटरकडे गेले. बोनेट उघडले, तळवा टेकला, डोळे मिटले, पण पिळायला स्क्रू सापडेना. अशा गाडीचे स्लो ढासळले तर बहुधा थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते, किंवा हवेचा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. स्प्रे मारून पुसले की काम होते. कानसेन मात्र बॅटरीची तार काढून दहा मिनिटे तशीच ठेवतात आणि सांगतात, "त्याले आराम दिला जी." कधीकधी गाडी सुधारतेही, कारण कंप्युटर जुने हिशेब विसरून नव्याने शिकायला लागतो. श्रेय अर्थातच कानाला.

मारुती 800 जानेवारी 2014 मध्ये बनायची थांबली. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ताडपत्रीखालच्या कितीतरी गाड्या तिथेच राहिल्या. कानसेनांना ऐकायला गाड्या कमी उरल्या आहेत. त्यामुळे सिंदेवाहीत तुमची जुनी गाडी हिसके देऊ लागली, तर बोनेट उघडा आणि त्यांना मनसोक्त ऐकू द्या. चहा पाजा. पेचकस मात्र तेवढा वेळ स्वतःच्या खिशात ठेवा.