सोडाच साहेब, होऊन जाऊ द्या!

मा. प्रॉडक्ट हेड साहेब यांस,
स. न. वि. वि.

दुकानदारांसाठीच्या आपल्या उधारी-ॲपच्या शुक्रवारच्या रिलीजमध्ये 'ऑफलाइन सिंक' घालायचं की नाही, यावर कालची गो-नो-गो मीटिंग फारच लांबली. क्यूएवाल्यांनी नको तेवढी कटकट केली. मी त्यांच्यातलाच, तरी हे खुलं पत्र आपल्या पाठिंब्यासाठी. फीचर बाजारात सोडाच.

आक्षेप तरी काय? बाप गल्ल्यावर, मुलगा माल पोचवायला. दोघांनी आपापल्या मोबाइलवर, रेंज नसताना, एकाच गिऱ्हाइकाच्या खात्यात उधारी टाकली. रेंज आली. ज्या मोबाइलचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, त्यावरची १,८४० रुपयांची नोंद गायब! एरर नाही, क्रॅश नाही. उलट हिरवी खूण आणि 'सिंक यशस्वी'. इतक्या शालीन बगला ब्लॉकर म्हणायचं? आपण 'एज केस' म्हणालात, तेच खरं.

काहींनी पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांचे दाखले दिले. त्या भित्र्यांचं नावही काढू नये. 'मर्ज' ही कमांड ११व्या आवृत्तीसाठी घालून झाली होती. शंका निघाल्या म्हणून २०१८च्या एप्रिलमध्येच काढली. ती आली थेट २०२२ साली, १५व्या आवृत्तीत. आणि त्याच १५व्या आवृत्तीतून, रिलीज दीड महिन्यावर असताना, जेसॉनचं मोठं काम उचलून बाहेर ठेवलं. पायथॉनवाले त्यांचेच भाऊबंद. नव्या गार्बेज कलेक्टरमुळे काही प्रोग्राम मंदावतात म्हणून तो ३.१३मधून काढला आणि २०२४च्या १ ऑक्टोबरचं रिलीज ७ तारखेवर नेलं. तारीख हलवली, साहेब! अशानं कुणाला प्रमोशन मिळतं का?

आदर्श ठेवावा तो थोरामोठ्यांचा. विंडोज १०चं अपडेट २०१८च्या २ ऑक्टोबरला आलं, काहींच्या फाइल्स उडाल्या आणि चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं. पण मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं डेटा गेल्याच्या तक्रारी किती? ०.०१ टक्का! आपल्याकडे तेवढ्याही येणार नाहीत. नोंद गेल्याचं दुकानदाराला कळणारच नाही. कळलं तर गिऱ्हाइकाला, आणि तो कशाला तोंड उघडतोय?

फ्लॅगमागे ठेवून आधी मोजक्या दुकानांना द्यावं, असंही कुणी सुचवलं. मग गुंतवणूकदारांपुढे 'सर्वांसाठी उपलब्ध' कसं म्हणायचं? त्यापेक्षा नावापुढे 'बीटा' लावा, म्हणजे जबाबदारी वापरणाऱ्याची. शिवाय रोलबॅक आहेच. कोड मागे जाईल. पुसली गेलेली उधारी कुठून आणायची, ते सोमवारी बघू.

एकच विनंती. शुक्रवार रात्रीच्या ऑन-कॉल यादीत सध्या माझं आणि दोन फ्रेशरांचं नाव आहे. आपला फीचरवर एवढा भरवसा, तर पहिला नंबर आपला घालतो. दुकानदारांचे फोन थेट आपल्याकडे येतील. चालत असेल तर तसं मेलवर कळवा, लगेच सोडतो. चालत नसेल, तर तेही कळवा. फ्लॅग बंद ठेवून पुढची तारीख टाकतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
क्यूएतला एक कटकट्या