फोडणी आणि स्टुअर्ट हायवे

कॅम्परव्हॅनच्या भाड्याचा करार मी चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून वाचला. उभी नोकरी सरकारी कचेरीत गेल्यामुळे बारीक टायपातला मजकूर दिसला की मला तरतरी येते. गाडीच्या छताला धक्का लागला तर भरपाई नाही. पोटाला खालून लागलं तर नाही. डांबर सोडून कच्च्या रस्त्याला गेलात तर नाही. सूर्यास्तानंतर चालवलीत आणि कांगारू आडवा आला तर मुळीच नाही. एकूण, गाडी ॲडलेडच्या डेपोतच उभी ठेवली असती तर आम्ही पूर्णपणे सुरक्षित होतो.

"अहो, सही करा," ही म्हणाली. "मागे रांग लागलीय."

बेत सरळ होता. पोर्ट ऑगस्टाला स्टुअर्ट हायवे धरायचा, उलुरू बघायचं आणि ॲलिस स्प्रिंग्जला गाडी परत करायची. ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्या जॉन मॅकडोअल स्टुअर्टने १८६२मध्ये घोड्यांवरून ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा गाठला आणि परत येताना त्याची अशी दशा झाली, की दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं. माणूस मला तिथेच आवडला. पुढे सव्वाशे वर्षं लोटली, तेव्हा कुठे, १९८७ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियातला या रस्त्याचा पट्टा संपूर्ण डांबरी झाला. आपल्याकडच्या हायवेंना उगाच नावं ठेवतो आपण.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की रस्त्यावर वळण नावाची वस्तू राहत नाही. समोरून गाडी येते ती अर्ध्या तासाने, आणि तिचा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तो तिथला रामराम. मी पहिल्याच माणसाला दोन्ही हात जोडले. त्यानंतर हिने गाडीत एक नियम केला: नमस्कार ती करणार, मी फक्त गाडी चालवायची.

ग्लेंडॅम्बोला गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिली आहे: मेंढ्या साडेबावीस हजार, माश्या अंदाजे वीस लाख, माणसं तीस. माश्यांचा आकडा मला जुन्या शिरगणतीतला वाटला. या माश्यांना तुमच्या जेवणात रस नसतो; त्यांना तुमच्या डोळ्यांतलं पाणी हवं असतं. तोंडावर जाळी घातल्याशिवाय बाहेर पडणं अशक्य, आणि जाळीच्या आत एक तरी शिरतेच. पुढचा पेट्रोल पंप कूबर पेडीला, अडीचशे किलोमीटरवर. मध्ये गाव नाही, मोबाइलची रेंज नाही. दिवस कलायला लागला तसा मी करारातलं कलम आठवून हायवेलगतच्या एका विश्रांतीच्या जागेत गाडी घातली. तिथे आधीच एक कॅरॅव्हॅन होती आणि तिच्यापुढे घडीच्या खुर्चीत एक म्हातारा गृहस्थ. निवृत्त झाल्यावर घराला कुलूप लावून देशभर फिरणारे असे लोक तिथे शेकड्यांनी भेटतात.

आणि मला आमटीची आठवण झाली.

चार दिवस ब्रेड खाल्लेल्या माणसाला आमटी हवी असणं हा गुन्हा नाही, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. डाळ शिजली. हिने कढल्यात तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरच्या पडल्या आणि त्याच क्षणी छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळला की मी टॉवेल घेऊन बाहेर उडी मारली. (आंघोळीची तयारी चालू होती. बनियन आणि बर्म्युडा, एवढाच ऐवज अंगावर.) पाठोपाठ ही खोकत बाहेर आली, हातात झारा. आम्ही उघड्या दारातून टॉवेलने वारा घालत होतो, तेवढ्यात हायवेवरून रोड ट्रेन गेली.

रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागे जोडलेले तीन अजस्र ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. ती जाते तेव्हा आधी हवा ढकलली जाते, मग ओढली जाते, आणि उभी गाडी जागच्या जागी डुलते. आमची डुलली. गाडीचं तोंड उताराकडे होतं, सरकत्या दाराचा खटका ढिला होता. दार सावकाश, चाकांवरून, अदबीने सरकत गेलं आणि खट्कन बंद झालं. हिने रात्रीसाठी कुलपाचं बटण आधीच दाबून ठेवलं होतं. किल्ली आत. फोन आत. शेगडी चालू.

"अगं, बटण कशाला दाबलंस?"

"आणि गाडी उतारावर कोणी लावली?"

या विषयावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी दोष रोड ट्रेनला देतो.

"ते फ्लाइंग डॉक्टर," ही म्हणाली, "ते दार उघडायला येतात का हो?" ऑस्ट्रेलियाच्या आडरानात १९२८पासून डॉक्टर विमानाने येतात, हे मीच तिला सकाळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पण त्यांना बोलवायचं तरी कशाने? झाऱ्याने?

एवढा वेळ तो गृहस्थ खुर्चीतून सगळं बघत होता. आता उठला. शांतपणे आमच्या गाडीला वळसा घातला, मागचा एक छोटा कप्पा उघडला आणि आतल्या गॅसच्या नळकांड्याची चावी फिरवली. शेगडी बंद. करारात हा कप्पा पान सातवर होता. मी तेव्हा पान चारवरच्या कांगारूंत रमलो होतो. मग त्याने ओट्यामागच्या खिडकीकडे बोट केलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

त्याने आपली घडीची खुर्ची आणून दिली. ही साडीत नव्हती हे नशीब. ट्रॅकपँट खोचून ती कमरेपर्यंत आत गेली आणि अडकली. "अहो, धरा ना!" मी तिचे पाय धरले. टाचांना भेगा पडल्या होत्या. पुण्यात एवढ्या कधी दिसल्या नव्हत्या, किंवा मी पाहिल्या नव्हत्या. डाव्या पायातलं जोडवं झिजून तारेसारखं झालं होतं. हिच्या गुडघ्यांमुळे ही सहल दोनदा पुढे ढकलली होती, आणि दोन्ही वेळा मी कुरकुर केली होती. "ढकलताय की झोपलात?" आतून आवाज आला. मी ढकललं. आत भांड्यांचा गडगडाट झाला, अलार्म थांबला आणि दार उघडलं. हिच्या कपाळाला काजळी होती आणि हातात कोळसा झालेली फोडणी.

आम्ही वरण तसंच, बिनफोडणीचं खाल्लं. त्या गृहस्थालाही वाडगाभर दिलं. त्याने वर टोमॅटो सॉस ओतला. उपकारकर्त्याला टोकायचं नसतं म्हणून ही गप्प बसली, पण मान फिरवून.

बाकी प्रवास ठीक झाला. कूबर पेडीला लोक उन्हाला कंटाळून जमिनीखाली घरं खोदून राहतात. १९१५मध्ये तिथे ओपल सापडला आणि खोदायची सवय लागली. उलुरूच्या आधी माउंट कॉनर नावाचा सपाट माथ्याचा डोंगर लागतो. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि दोन मावश्यांनी त्याला उलुरू समजून हात जोडले. खरं उलुरू दुसऱ्या दिवशी दिसलं, ३४८ मीटर उंच, आणि संध्याकाळी ते जे लाल झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ग्रुपवर मात्र एकच प्रश्न: "वर चढलात का?" तो खडक ज्यांना पवित्र आहे ते अनंगू लोक वर्षानुवर्षं सांगत होते, कृपा करून चढू नका. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई बंद झाली. आपण देवळाच्या कळसावर चढून सेल्फी काढतो का, असं मी लिहिलं. उत्तरादाखल अंगठा आला.

ॲलिस स्प्रिंग्जच्या डेपोत गाडी तपासायला एक तरुण पोरगी होती. छत पाहिलं, पोट पाहिलं, चाकं पाहिली. ओरखडा नाही. मी मनातल्या मनात अनामत रक्कम मोजत होतो. मग तिने दार सरकवलं, आत डोकं घातलं आणि तशीच मागे सरकली.

"गॅस गळतोय," ती म्हणाली, आणि आम्हाला लांब उभं राहायला सांगून मेकॅनिकला हाका मारत धावली.

ही माझ्याकडे बघेना, मी हिच्याकडे बघेना. मेकॅनिक आला, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघत बसला. नळी ठणठणीत होती. त्याने पुन्हा एकदा हुंगलं, खांदे उडवले आणि कागदावर सही केली. हिने हिंगाची डबी पर्समध्ये आणखी खाली ढकलली.