सोड्याची अग्निपरीक्षा

खाण्याच्या सोड्याबाबत आमच्या आत्याचा न्याय झटपट असतो. बशीत चिमूटभर सोडा, वर लिंबाचे चार थेंब. फसफसला, की निर्दोष. "फसफसला की रे! आता काय गाणं म्हणून दाखवायला हवंय त्याने?" असं म्हणत ती ढोकळ्याच्या पिठाकडे वळते.

माझा आक्षेप असा, की लिंबू पिळलं की धुण्याचा सोडाही फसफसतो आणि खडूची पूडही. लिंबू एवढंच सांगतं की सोड्यात अजून धुगधुगी आहे. चारित्र्याविषयी ते अवाक्षर काढत नाही. खडू निदान पाण्यात तळाशी बसून स्वतःच कबुली देतो. धुण्याचा सोडा मात्र निमूट विरघळतो. हळदीच्या पाण्यात तो लालभडक रंग आणतो, हे खरं. पण थोडी लाली खाण्याचा सोडाही चढवतोच. नीट न ढवळलेल्या ढोकळ्यावर लाल ठिपके उमटतात ते त्यामुळेच. आता 'थोडी' म्हणजे किती? ज्या घरात चहाच्या रंगावर एकमत होत नाही, तिथे हा खटला पिढ्यान् पिढ्या चालेल.

म्हणून मी वजनकाटा काढला. खाण्याचा सोडा तापला की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध, कोरडा सोडा 84 ग्रॅम घेऊन ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर ठेवला, तर 53 ग्रॅम उरायला हवा. मीठ किंवा खडू मिसळलेला असेल तर जास्त उरतो, कारण एवढ्या आचेला ते दोघे बधत नाहीत. सोडा दमट असेल तर कमी. आमचा काटा 54 वर थांबला. स्वयंपाकघरातल्या काट्याकडून याहून काटेकोरपणा मागू नये.

मी निकाल जाहीर केला. "मग घाल तो ढोकळ्यात," आत्या म्हणाली.

इथे जरा पंचाईत होती. सीतामाई अग्नीतून जशीच्या तशी बाहेर आली. सोडा मात्र धुण्याचा होऊन बाहेर येतो.

आत्याने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे शुद्ध ठरला तो खायचा नाही, आणि खायचा तो शुद्ध ठरलेला नाही?"

विज्ञानाच्या वतीने मी होकार दिला. उरलेल्या सोड्याने तिने माझ्याकडून तेलकट कढई घासून घेतली. लखलखीत निघाली.

तुम्हाला हा प्रयोग करायचाच असेल, तर भाजलेल्या पुडीच्या डबीवर 'धुण्याचा' अशी चिठ्ठी लगेच लावा. दिसायला दोन्ही सोडे सारखेच पांढरे असतात.